अपूर्ण विषय आधी

कुंदाताई, काल महापालिकेच्या परिषदेत तुझ्यावरचा शोक प्रस्ताव होता, आणि मला बोलायला हवा तेवढा वेळ होता. तू अध्यक्ष असताना जे मला एकदाही मिळालं नाही, ते तू गेल्यावर मिळालं. तिथे मी काय बोलले ते सांगतेच, पण शेवटी. आधी मला तुझ्याशी भांडायचं आहे. तू मला 'बाहेर जा' म्हणू शकत नाहीस, 'इथे नको' म्हणून विषय बदलू शकत नाहीस, अशी संधी आयुष्यात पहिल्यांदा आली आहे आणि तिचं काय करावं ते मला कळत नाहीये. सकाळपासून कितीदा तरी फोन हातात घेतला. तुझं नाव अजून सगळ्यात वर आहे.

वर्तमानपत्रांनी तुझं शिक्षण, तुझी पदं, तुझे सत्कार सगळं नीट छापलं आहे. फोटोही आहे, तू आसंदीवर बसलेली असतानाचा. महापौर शहराचा कारभार बघतात, पण परिषदेची बैठक चालवतात ते अध्यक्ष, आणि अध्यक्षांची ती उंचावरची खुर्ची म्हणजे आसंदी. आपल्याकडे खुर्चीलाही आसंदी म्हणतात आणि तिच्यात बसलेल्या माणसालाही. आसंदीने परवानगी दिली, आसंदी नाराज झाली, असंच बोलतात. त्या फोटोत तू कोणाकडेच बघत नाहीयेस. मी तो कापून ठेवला नाही. मला तुझा तो चेहरा कधीच आवडला नाही, हे तुला माहीत होतं.

माझी कुंदाताई त्याच्या आधीची. कारखान्याच्या टाउनशिपमध्ये कोणाकडे तरी हळदीकुंकू होतं, तिथे तू भेटलीस. तू पुण्याची, भाऊजींच्या नोकरीमुळे इथे आलेली. मी म्हटलं तर नागपूरची, पण आजोबा सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले तेव्हापासून आम्ही इथलेच. माझ्या मराठीत निम्मी हिंदी. तू मला चारचौघींत सुधारलंस आणि मी अशी चिडले की वाण न घेताच निघाले. दुसऱ्या दिवशी तू ते वाण घेऊन अयोध्या नगरात माझ्या दारात उभी. मला रागवायला वेळ लागत नाही, आणि तुला मला मनवायला लागायचा नाही. 'मनवायला' नाही, 'समजूत काढायला'. ऐकू आलं मला.

पुढे तू राजकारणात शिरलीस आणि तुझं बघून मी शिरले. पक्ष तेवढा समोरचा निवडला. भाऊजी म्हणायचे, या दोघी एका पक्षात असत्या तर पक्ष फुटला असता. पहिल्या खेपेला आपण दोघी साध्या सदस्य होतो, समोरासमोरच्या बाकांवर. तू बोलायला उभी राहिलीस की महापौर चष्मा काढून ठेवायचे, आता बराच वेळ वाचण्यासारखं काही होणार नाही म्हणून. तू मला भर सभेत 'माननीय सदस्या को विषय का ज्ञान नहीं है' असं सुनवायचीस. बैठक संपली की माझ्या स्कूटरवर मागे बसून कानात सांगायचीस, अगं, टाकीचा मुद्दा आधी घ्यायला हवा होतास, मी अडकले असते. तशाच आपण बिट्टन मार्केटच्या हाटात जायचो. तुझ्या पिशवीत माझी भाजी, माझ्या पिशवीत तुझी. घरी जाऊन कळायचं.

त्यानंतरच्या निवडणुकीत तुझा पक्ष बहुमतात आला आणि त्यांनी तुला अध्यक्ष केलं. लोक म्हणाले, केवढा मान. मला अजूनही वाटतं की तुला गप्प बसवायला केलं. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात चांगलं बोलणाऱ्या बाईला त्यांनी अशा जागी नेऊन बसवलं जिथून स्वतःचं काहीच बोलता येत नाही. हे मी तुला तेव्हाच म्हणाले असते, पण तू उत्तर दिलं नसतंस.

रिवाज असा आहे की निवडून आलेल्या अध्यक्षांना दोन्ही पक्षांची माणसं धरून आसंदीपर्यंत पोचवतात. आमच्या बाजूने मला पुढे केलं, बाईला बाईनेच न्यावं म्हणून. मी तुझ्या दंडाला धरलं होतं. दंड गार पडला होता. सगळे बाकं वाजवत होते, त्या गलक्यात मी हळूच म्हणाले, "घाबरू नकोस." तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "सोड आता." मला वाटलं, पायऱ्या चढायच्या आहेत म्हणून हात सोडायला सांगते आहेस. तू वर जाऊन बसलीस, सभागृहावरून नजर फिरवलीस, आणि ती माझ्यावरून अशी गेली जशी रस्त्यातल्या अनोळखी माणसावरून जाते.

त्या दिवसापासून तू माझ्या स्कूटरवर बसली नाहीस. परिषदेच्या आवारात माझ्याशी मराठीत बोलली नाहीस. तुझ्या पक्षाची सकाळची बैठक सोडलीस, आणि तुझ्याच लोकांना त्याचा राग आला. मधल्या सुट्टीत सगळे कँटीनला जायचे आणि तू आपल्या खोलीत एकटी चहा प्यायचीस. तुझ्या वॉर्डातले लोक तुझ्याकडे कुरकुरायचे की बाकीचे पार्षद, तुझ्या पुण्याच्या भाषेत नगरसेवक, आपापल्या गल्ल्यांसाठी भांडतात आणि आमच्या दीदी वर बसून ऐकतात. ते खरंच होतं. तुझा आवाज रोज सभागृहात असायचा, तुझं म्हणणं कधीच नसायचं. तुला याचा त्रास होत होता का, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, पण मी तेव्हा माझ्या त्रासात होते.

आणि तू ते काम फार चांगलं केलंस, हेही म्हणायला हवं. राग एका बाजूला ठेवून म्हणते. ती पहिल्यांदा निवडून आलेली तुमच्या पक्षाची मुलगी आठवते? तिचा नवरा वर प्रेक्षकांच्या सज्जात बसायचा आणि तिथून हातवारे करायचा, काय बोलायचं, कधी बसायचं. आपल्याकडे असे नवरे पुष्कळ. पार्षद बायको, कारभार नवऱ्याचा, आणि लोक त्याला 'पार्षद पति' म्हणून नमस्कारही करतात. तुझ्या आधीच्या अध्यक्षांनी कधी वर मान केली नव्हती. तू कामकाज थांबवलंस. म्हणालीस, "ऊपर बैठे सज्जन इशारे बंद करें और बाहर जाएँ. सदस्या अपनी बात खुद कहेंगी." तो गेला. मग ती मुलगी उभी, हातात कागद, तोंडातून शब्द नाही. आमच्या बाकांवरून कोणीतरी हसलं. तू हात वर करून सगळ्यांना गप्प केलंस आणि थांबलीस. अख्खं सभागृह, महापौर, आयुक्त, सगळ्यांना तू त्या मुलीसाठी तिष्ठत ठेवलंस. शेवटी ती बोलली. तिच्या गल्लीतल्या उघड्या गटारावर बोलली, चारच वाक्यं, पण तिची. मी बाक वाजवलं. तुमच्या पक्षाच्या सदस्यासाठी वाजवलं म्हणून आमच्या नेत्यांनी मला नंतर झापलं.

असाच एकदा एका जुन्या सदस्याच्या निधनावर कोणीतरी बोलत होतं, बोलतच होतं, दोघांनी तरुणपणी कुठे कुठे सायकली हाकल्या ते सगळं. सचिवांनी तुझ्याकडे बघून घड्याळाकडे खूण केली. तू मान हलवलीस आणि माईकमध्येच सांगितलंस की शोक प्रस्तावावर घंटी वाजत नाही. माणूस जितकं बोलेल तितकं बोलू द्यायचं.

घंटी. आता तिथे यायलाच हवं.

तुझ्यासमोर टेबलावर ती पितळी घंटी असायची. वेळ संपली की वाजवायची. तू सगळ्यांना वाक्य पूर्ण करू द्यायचीस. महापौरांना, विरोधी नेत्याला, त्या अडखळणाऱ्या मुलीला. वेळ संपली तरी हात घंटीवर ठेवून थांबायचीस, वाक्य संपलं की मग वाजवायचीस. फक्त माझ्या वेळेला वाक्याच्या मध्ये वाजायची. मला आधी वाटलं योगायोग आहे. मग मी लक्ष ठेवलं. मग आमच्या पक्षातल्या लोकांच्याही लक्षात आलं आणि ते मला चिडवायला लागले, क्या बात है, आपकी दीदी आप ही पे इतनी मेहरबान. मला कारण कळत होतं. सभागृहात मराठी घरातल्या आपण दोघीच. आपली मैत्री सगळ्यांना माहीत होती. मला एक क्षण जास्त मिळाला असता तर लोकांनी तुझ्याकडे बोट दाखवलं असतं. कारण कळत होतं म्हणून राग कमी होत नव्हता. उलट जास्त यायचा.

आणि भांडायला जागाच नव्हती. सभागृहात आसंदीशी वाद घालता येत नाही, तो नियम. बाहेर तू परिषदेबद्दल अवाक्षर काढू द्यायची नाहीस, तो तुझा नियम. घरी येणं तू बंदच केलं होतंस. उरला हाट. तिथे आपण 'चुकून' भेटायचो. दर आठवड्याला न ठरवता चुकायचो आपण. पालेभाजीवाल्या मुन्नीबाईपाशी तू उभी असायचीस, तोंडाला पदर लावून, जसं काही त्याने कोणी ओळखणार नाही. मुन्नीबाई मला लांबूनच सांगायची, आपकी दीदी अभी टमाटर की तरफ गई हैं. मग आपण मेथी निवडायचो, तुझ्या गुडघ्यांबद्दल, माझ्या सासूबाईंबद्दल, भाऊजींच्या गोड खाण्याबद्दल बोलायचो. मी हळूच, ताई, परवा तू, असं सुरू केलं की तू म्हणायचीस, मेथी कोवळी आहे, जुडी अर्धी अर्धी करू. तिथेही तू माझं वाक्य मध्येच तोडायचीस, फक्त घंटीशिवाय.

मग तो पाण्याचा दिवस आला.

आमच्या अयोध्या नगरच्या मागच्या वस्तीत पाण्याची लाइन टाकायची मागणी मी कितीतरी बैठकांत मांडत होते. तुला ती वस्ती माहीत होती. टाउनशिप सोडल्यावर तू त्याच बाजूला राहिलेली. टँकर यायचा तेव्हा बायका कामावर गेलेल्या असायच्या, आणि पाणी भरायला पोरींना शाळेतून बोलावून घ्यायचे. त्या दिवशी त्यातल्या दहाबारा बायका मजुरी बुडवून वर सज्जात येऊन बसल्या होत्या. त्यांना मी सांगितलं होतं की आज मी बोलणार आणि होणार. मी बोलायला उभी राहिले. आकडे मांडले, जुनी आश्वासनं मांडली, आणि शेवटी त्या बायकांकडे हात करून म्हणाले, "अध्यक्ष महोदया, आज ये बहनें यहाँ सिर्फ इतना सुनने आई हैं कि" आणि घंटी वाजली.

मी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा घंटी. वरच्या बायका एकमेकींकडे बघत होत्या, त्यांना कळत नव्हतं की ही घंटी कसली. मला काय झालं कोण जाणे. मी जागा सोडून थेट तुझ्यासमोर आले, टेबलाला हात टेकले आणि म्हणाले, "कुंदाताई, माझं ऐक ना गं."

सभागृहात. माईक चालू असताना. नावाने, मराठीत, जशी हाटात म्हणते तशी. अशी चूक त्या सभागृहात फक्त माझ्याच हातून होऊ शकत होती, कारण बाकी कोणाची तू ताई नव्हतीस.

एकदम गदारोळ उठला. तुझ्याच पक्षाचे ओरडायला लागले, ये सदन है या मायका, यहाँ घर की भाषा में सेटिंग हो रही है. मी तुझ्याकडे बघत होते. तुझा चेहरा हललासुद्धा नाही, पण तुझा हात घंटीवरून सरकून मांडीवर गेला, तो मला दिसला. मग तू म्हणालीस, "माननीय सदस्या आसंदी की मर्यादा रखें. आप आज की कार्यवाही से बाहर जाएँ."

मी गेले. दारापर्यंत चालत गेले आणि मागे वळून पाहिलं नाही. पाण्याचा विषय अर्धवट राहिला. बाहेर त्या बायका जिन्यावरून उतरत होत्या. त्यातली एक मला म्हणाली, दीदी, आप तो उनकी अपनी थीं ना. तिचं ते बोलणं मला अजून लागतं.

त्यानंतर मी हाटात जाणं सोडलं. घराजवळच्या गाडीवरून भाजी घ्यायला लागले, महाग आणि शिळी. बऱ्याच आठवड्यांनी एकदा मुन्नीबाई मला चार इमलीच्या रस्त्यावर भेटली, बंगल्यांमध्ये भाजी देऊन परतत होती. तिने टोपली उतरवली आणि माझी चांगली हजेरी घेतली. म्हणाली, "वो हर हफ्ते आती हैं. मेथी लेती हैं, आधी अलग रखवाती हैं. फिर जाते वक्त बोलती हैं, रहने दो, बाँध दो, सूख जाएगी." मी तिला म्हटलं की मला वेळ नसतो. ती म्हणाली, वेळ तर त्यांनाही नसतो.

पुढच्या बैठकीत पाण्याचा विषय कार्यसूचीत पहिला होता. अपूर्ण राहिलेला विषय पुढच्या बैठकीत आधी घेतात, असा नियमच आहे. त्यामुळे तो तू मुद्दाम वर ठेवलास की नियमाने आला, हे मला कधीच ठरवता आलं नाही. मी बोलले, कोरडी बोलले. घंटी नेहमीसारखी वाजली. प्रस्ताव मंजूर झाला. पुढे लाइनही आली, उशिराने. पहिल्या दिवशी वस्तीतल्या बायकांनी नळाला हार घातला आणि मला पेढा दिला. तो पेढा मी तोंडात धरून उभी होते आणि मला तुझ्याशिवाय कोणाला सांगावंसं वाटत नव्हतं. म्हणून त्याच आठवड्यात हाटात गेले. तू होतीस. मेथीची जुडी सोडलीस आणि अर्धी माझ्या पिशवीत घातलीस. आपलं भांडण तिथे मिटलं असं तुला वाटलं असेल. मला नाही वाटलं, ताई. मी फक्त मेथी घेतली होती.

तुझी मुदत संपली. तू पुन्हा उभी राहिली नाहीस. मी निवडून आले आणि मनात म्हटलं, आता हिला आसंदी नाही, आता हिला धरते. तू म्हणालीस, थोडं स्वस्थ बसू दे, मग ये भांडायला. माझ्या स्कूटरवर बसायला पुन्हा तयार झालीस, पण गुडघ्यांमुळे बसता येईना, त्यावर आपण किती हसलो. मग तुला धाप लागायला लागली. मग तपासण्या. मग हॉस्पिटल.

तिथे मी रोज दुपारी यायचे. भाऊजी जेवायला घरी जायचे, तेवढा वेळ तू माझी. एका दुपारी तुला बरं वाटत होतं. उशीला टेकून बसली होतीस, मोसंबी खात होतीस, आणि मला माझ्या मराठीवरून बोलून झालं होतं. मी ठरवलं, आज. म्हटलं, ताई, एकच विचारते. सगळ्यांचं वाक्य पुरं होऊ द्यायचीस, माझंच का तोडायचीस?

मला वाटलं तू मोसंबीबद्दल काहीतरी बोलशील. पण तू माझ्याकडे नीट बघितलंस. किती वर्षांनी बघितलंस.

"पंगतीत वाढणाऱ्या बाईने आपल्या पोराला शेवटी वाढायचं असतं, शुभा," तू म्हणालीस. "नाहीतर कोणी तिच्या हातचं जेवत नाही."

"शेवटी वाढतात, ताई," मी म्हणाले. "ताटावरून उठवत नाहीत."

मोसंबीची फोड तुझ्या हातात तशीच राहिली. मला वाटलं मी फार बोलले, पण मला मागे घ्यायचं नव्हतं, कारण ते खरं होतं आणि आजही खरं आहे. जो सगळ्यांना सारखा न्याय देतो त्याने आपल्या माणसालाही सारखाच द्यायला हवा. कमी दिला तर तो न्याय नाही, ती भीती आहे. हे सगळं मी मनात जुळवत होते, आणि तेवढ्यात तू म्हणालीस, "त्या दिवशी" आणि थांबलीस. फोड खाली ठेवलीस. पुन्हा म्हणालीस, "त्या दिवशी तू समोर आलीस ना, तेव्हा"

नर्स आत आली. भेटीची वेळ संपली होती. तिच्याबरोबर दुसरी कोणी इंजेक्शनचा ट्रे घेऊन. मी म्हटलं, एक मिनिट. ती म्हणाली, "मैडम, रूल है." तुला हसू आलं. नियमावर बोट ठेवणारं माणूस भेटलं की तुला नेहमीच बरं वाटायचं. मला हाताने जा म्हणून खूण केलीस.

"उद्या ये," म्हणालीस. "अपूर्ण विषय आधी घेतात."

मी दुसऱ्या दिवशी आले तेव्हा तुला आत हलवलेलं होतं, काचेच्या पलीकडे. कोणाला सोडत नव्हते. भाऊजी बाहेर बाकावर बसले होते, त्यांच्या मांडीवर तुझी शाल घडी करून ठेवलेली. त्यांनी मला फक्त इतकंच सांगितलं की रात्री तू माझं नाव घेत होतीस. काय म्हणत होती ताई, मी विचारलं. त्यांना आठवेना. त्यांचा दोष नाही, ते तरी किती लक्षात ठेवणार. पण ताई, मी त्या म्हाताऱ्या माणसावर मनातल्या मनात चिडले. मग तू गेलीस.

लोक सांत्वन करतात. म्हणतात, वय झालं होतं, हाल झाले नाहीत, मोठं नाव कमावून गेली. मी मान हलवते. त्यांना कसं सांगू की मला फक्त त्या 'तेव्हा'च्या पुढचं हवं आहे. तू समोर आलीस ना, तेव्हा मला राग आला. तेव्हा मला भीती वाटली. तेव्हा मला उठून तुझ्याबरोबर बाहेर यावंसं वाटलं. मी रोज एक वाक्य करून बघते आणि कुठलंच तुझ्या आवाजात बसत नाही. 'माझं चुकलं' असं असेल तर मी जिंकले, आणि ते असू नये असं मला फार वाटतं. तुझं चुकलं नव्हतं असं असेल तर मला तुझ्याशी अजून पुष्कळ बोलायचं आहे. तुझ्यामुळे मी मुद्देसूद बोलायला शिकले, हे तुला सांगितलं नाही. घंटी मध्येच वाजणार हे पक्कं माहीत असल्यामुळे मी महत्त्वाचं आधी बोलायला शिकले. आता सगळे म्हणतात, ये कम बोलती हैं पर काम का बोलती हैं. ती तुझी शिकवणी. फी मात्र तू जबर घेतलीस.

तर काल.

आसंदीवर आता नवे अध्यक्ष आहेत. भला माणूस आहे, तुझ्यासारखा कडक नाही. त्यांनी शोक प्रस्ताव वाचला. महापौर बोलले, आमचे नेते बोलले, तुमचे बोलले. सगळ्यांनी तुझ्या निष्पक्षपणाचं कौतुक केलं, जे तू असताना कोणीही केलं नव्हतं. मग ती मुलगी उठली, जिच्या नवऱ्याला तू सज्जातून घालवलं होतंस. आता ती मुलगी राहिली नाही, दुसऱ्यांदा निवडून आली आहे. हातात कागद नव्हता. म्हणाली, "उन्होंने मेरे लिए पूरे सदन को चुप रखा था. मेरे घर में भी आज तक किसी ने मेरे लिए इतना इंतज़ार नहीं किया." आणि बसली. मला तिचा हेवा वाटला, ताई. तिचा हिशोब तुझ्याशी पूर्ण होता.

मग माझं नाव घेतलं. अध्यक्ष म्हणाले, आप जितना चाहें समय लें. मी उभी राहिले. हिंदीत दोन चार वाक्यं बोलले, ठरवून आणलेली, रिवाजाची. पुढचं सुचेना. समोर टेबलावर घंटी होती, तीच पितळी. अध्यक्षांचे हात कागदांवर होते, घंटीपासून लांब. मी जागा सोडली आणि आसंदीसमोर येऊन उभी राहिले, तेव्हा उभी होते तिथेच. मी वर बघितलं, आणि माईकवर, भर सभागृहात, मराठीत म्हणाले, "कुंदाताई, अपूर्ण विषय आधी."

कोणी ओरडलं नाही. कोणी विचारलं नाही की ही कुठली भाषा. घर की भाषा, मायका, कोणीच काही म्हणालं नाही. तुझ्या पक्षाचे लोक माना खाली घालून उभे राहिले, त्यांना वाटलं मी मराठीत काहीतरी प्रार्थना म्हणते आहे. मी वाट बघत राहिले. मला वाटत होतं की आता तरी कोणीतरी मला थांबवावं, मर्यादा पाळा म्हणावं, बाहेर जा म्हणावं. घंटी वाजली नाही.

मग मी माझ्या जागेवर जाऊन बसले. माझं बोलून झालेलं नव्हतं.